जेनेच्या मशिदीचा गिलावा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेने गावच्या मोठ्या, मातीच्या मशिदीला एकदाच सिमेंट फासून का मोकळे होत नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सिमेंटला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथंच कोंडतं. मागची कच्ची वीट भिजून पिठूळ होते आणि एके दिवशी पापुद्रा भिंतीचा लचका घेऊनच खाली येतो. मातीचा गिलावा पावसात धुपतो हे खरं, पण आतली भिंत सुकू देतो.

आजची इमारत १९०७ ची, मुख्य गवंडी इस्माइला त्राओरे. बनी नदीच्या पुरापासून वाचावी म्हणून ती बाजारापेक्षा सुमारे ३ मीटर उंच चौथऱ्यावर आहे. पूर्वी जेनेत हातानं वळलेल्या गोल, लांबट विटा वापरत; १९३० च्या दशकापासून साच्यातली चौकोनी वीट आली. जुनी वीट जास्त चिवट, असं तिथले गवंडी म्हणतात, आणि मला ते पटतं.

खरी मेख गाऱ्यात आहे. नदीकाठची माती, भाताचं तूस आणि पाणी खड्ड्यात घालून बरेच दिवस कुजवतात, अधूनमधून तुडवतात. वास असह्य येतो, पण त्या कुजण्यानंच चिकटपणा येतो. घाई केली तर वाळताना भेगा पडतात. काम पावसाळ्याआधी, बहुधा एप्रिलमध्ये, सगळं गाव मिळून करतं: बायका पाणी आणतात, पोरं टोपल्या वाहतात, गवंड्यांची संघटना 'बारे तोन' देखरेख करते. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या काठ्यांच्या जुड्या, म्हणजे 'तोरोन', नुसती शोभा नव्हेत. त्यांवरच चढून लिंपतात. ती कायमची परांचीच. मात्र लाकूड आणि माती जिथे एकमेकांना भिडतात तिथे गारा नीट दाबला नाही, तर पाणी तिथूनच आत जातं.

दरवर्षीच्या थराचं वजनही साठत जातं, हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून सैल झालेला जुना थर खरवडूनच नवा द्यावा. ५ नोव्हेंबर २००९ ला चोवीस तासांत ७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. तो पुन्हा बांधायला आगा खान सांस्कृतिक न्यासानं पैसा दिला.

छताला आपल्या माळवदाच्या सवण्यांसारखी भोकं आहेत, वर भाजलेल्या मातीची झाकणं. उकाड्यात ती काढतात. पाणी काढणाऱ्या पन्हाळ्याही भाजलेल्या मातीच्या. पन्हाळी भिंतीपासून पुरेशी पुढे हवी. आखूड पडली की धार भिंतीवरूनच उतरते आणि नवा गिलावाही पहिल्याच पावसात वाहून जातो.

तुझा,
अविनाश