‘कन्फर्मेशन’: निकालापेक्षा सुनावणीकडे पाहावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘कन्फर्मेशन’ या दूरचित्रवाणीपटाचा सविस्तर परिचय प्रसिद्ध झाला, त्याबद्दल प्रथम मनापासून आभार. एचबीओने २०१६ साली दाखवलेल्या आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एका नेमणुकीवर आधारलेल्या या नाट्याला मराठी पुरवणीत जागा मिळाली, याचे समाधान वाटले. परंतु परिचयलेखकाचे दोन आक्षेप मला मान्य नाहीत. खरे कोण बोलत होते याचा निवाडा चित्रपट करत नाही, हा पहिला आक्षेप. आणि नेमणुकीसाठी नाव सुचवलेल्या न्यायमूर्तींवर, म्हणजे आपल्या पूर्वीच्या वरिष्ठांवर, लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल इतकी वर्षे गप्प का राहिल्या याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, हा दुसरा. या दोन्ही आक्षेपांत चित्रपटाचा मूळ विषयच नजरेआड झाला आहे असे मला वाटते. बंद खोलीत दोन माणसांमध्ये काय घडले हा त्याचा विषय नाही. एका स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्यांनी ती कशी पार पाडली, हा त्याचा विषय आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी जून १९९१मध्ये निवृत्ती जाहीर केल्यावर त्यांच्या जागी १ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी क्लॅरेन्स थॉमस यांचे नाव सुचवले. अशा नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, न्यायविषयक समितीत ७ विरुद्ध ७ अशी मते पडल्याने ते नाव शिफारशीविनाच सभागृहाकडे गेले. थॉमस यांच्याविरुद्धचे अनिता हिल यांचे निवेदन तोवर समितीच्या कागदांतच होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची बातमी फुटली, प्रतिनिधिगृहातील काही स्त्री सदस्या निषेध नोंदवण्यासाठी सिनेटकडे चालत गेल्या, मतदान लांबणीवर पडले आणि ११ ते १३ ऑक्टोबर अशी सुनावणी झाली. थॉमस यांनी सर्व आरोप ठामपणे नाकारले. १५ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब झाले आणि ते आजही त्या न्यायासनावर आहेत.

आता ‘गप्प का राहिल्या’ या प्रश्नाविषयी. हिल यांनी १९८१ ते १९८३ या काळात थॉमस यांच्या हाताखाली प्रथम शिक्षण खात्यात आणि नंतर समान रोजगार संधी आयोगात काम केले होते. नोकरीतील भेदभावाची आणि छळाची तक्रार जिथे करायची तो हाच आयोग, आणि त्याचे अध्यक्ष स्वतः थॉमस. मग त्यांनी दाद मागायची ती कोणाकडे? शिवाय कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा बेकायदा भेदभाव ठरतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते १९८६ साली, म्हणजे हिल यांनी ती नोकरी सोडल्यावर. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या पूर्णपणे गप्प नव्हत्याच. १३ ऑक्टोबरच्या सुनावणीत चौघांनी शपथेवर सांगितले की, हिल यांनी आपल्याशी हे पूर्वीच बोलून दाखवले होते, आणि त्यांतील काहींनी तर त्या नोकरीत असतानाच्या काळातले बोलणे सांगितले. जिवलग माणसांपाशी बोलणे आणि सरकारदरबारी तक्रार गुदरणे यांत किती अंतर असते, हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही बाईला समजावून सांगावे लागत नाही. परिचयलेखकाने या चार साक्षींचा उल्लेखही करू नये, याचे मला वाईट वाटले.

ज्या प्रसंगांसाठी मला हा चित्रपट मोलाचा वाटतो, ते कामकाजाच्या व्यवस्थेचे आहेत. समितीत चौदा सदस्य, सर्व पुरुष आणि सर्व गोरे. अध्यक्ष जो बायडेन. हिल यांना तपशील पुनःपुन्हा, देशभर चाललेल्या प्रक्षेपणासमोर, उच्चारायला लावण्यात आले आणि सूडबुद्धीपासून कल्पनाविलासापर्यंत वाटेल तो हेतू त्यांना चिकटवण्यात आला. थॉमस यांना त्यांच्या आधी बोलायला मिळाले आणि त्याच दिवशी रात्री, म्हणजे देशातले सर्वाधिक प्रेक्षक घरी असताना, पुन्हा बोलायला मिळाले. हिल यांची साक्ष आपण पाहिलेली नाही असे त्यांनी सांगितले, तरीही समितीचे कामकाज पुढे चालू राहिले.

आणि अँजेला राइट यांचे काय झाले? त्याही पूर्वी थॉमस यांच्या हाताखाली काम केलेल्या. थॉमस यांच्या वागण्याबद्दल त्यांचेही स्वतंत्र सांगणे होते. समितीने त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले, त्या येऊन थांबल्या, आणि त्यांना साक्षीसाठी कधीच पुकारले गेले नाही. त्यांच्या जबाबाचे कागद दप्तरात जोडून विषय संपवण्यात आला. दुसरी स्त्री समोर येऊन बोलली असती तर ‘तिचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द’ हे सोयीचे समीकरणच उरले नसते. साक्षीदाराला न पुकारणे हाही एक निर्णयच असतो, फक्त त्याखाली कोणाची सही नसते. न्यायालयात वकील म्हणून वर्षानुवर्षे उभी राहिल्यामुळे असेल, पण संपूर्ण चित्रपटात मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते या वाट पाहण्याने.

आम्हा ग्वाल्हेरकरांना तर हा विषय सातासमुद्रापलीकडचा वाटण्याचे काहीच कारण नाही. येथील एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर छळाचा आरोप केला होता. जुलै २०१४मध्ये, मुलीचे बारावीचे वर्ष चालू असताना, त्यांची सत्राच्या मध्येच सीधी जिल्ह्यात बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे राज्यसभेच्या सभापतींनी नेमलेल्या समितीने डिसेंबर २०१७मध्ये आरोप सिद्ध झाले नसल्याचा अहवाल दिला, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. परंतु १० फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असे ठरवून त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला, हेही तितकेच खरे आहे. या प्रकरणातला डिसेंबर २०१४चा निकाल तर प्रत्येक चौकशी समितीने वाचावा असा आहे. आरोप खरा की खोटा यात न शिरता सर्वोच्च न्यायालयाने केवळ चौकशीची रीत तपासली, ती नियमाला धरून नसल्याने रद्द केली, आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्या न्यायमूर्तींकडे प्रशासकीय व देखरेखीचे अधिकार राहू नयेत असे सांगितले. कारण उघड आहे. साक्ष देणारे त्यांच्याच हाताखालचे असतील, तर ते मोकळेपणाने काय बोलणार?

मी शहरातील एका कार्यालयाच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने तक्रारीतील नावे आणि कामकाज यांची वाच्यता करण्यास मनाई केली आहे आणि ती मनाई मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणून कोणत्याही तक्रारीविषयी मी येथे अक्षरही लिहिणार नाही. मात्र खोलीविषयी लिहिते. आमच्या बैठका पूर्वी मुख्य अधिकाऱ्यांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत होत. बाहेर व्हरांड्यात एकच बाक. त्यावर साक्षीला आलेला कारकून, त्याच्या शेजारी तक्रारदार बाई, आणि केबिनकडे जाणारा-येणारा प्रत्येक माणूस दोघांनाही न्याहाळून पुढे सरकणार. आत आले की कारकुनाचे ठरलेले उत्तर, ‘मॅडम, मला नीटसं आठवत नाही.’ आम्ही आग्रह धरून बैठक दुसऱ्या इमारतीत नेली, साक्षीदारांना वेगवेगळ्या वेळा दिल्या, आणि लोकांना आठवू लागले. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, एक पैसाही लागला नाही.

कायद्याने या समित्यांना साक्षीदाराला बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी असेही त्यात आहे. केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही ‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच उलटेल’ अशी भीती बायकांना बिनदिक्कत घातली जाते. तक्रारीची मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची, आणि कारणे नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. या मुदतीच्या मोजमापाने हिल यांची तक्रार आपल्याकडे दाखलसुद्धा झाली नसती, याचाही परिचयलेखकाने विचार करावा. ही मुदत मला स्वतःला फार तोकडी वाटते.

प्रेक्षकाला निवाडा हवा असतो हे मी समजू शकते. पण हिल यांच्या त्या नोकरीतले प्रसंग दृश्यरूपाने न दाखवण्याचा संयम दिग्दर्शक रिक फामुयिवा यांनी पाळला, म्हणूनच आपले लक्ष समितीच्या मेजावर राहते. ती दृश्ये दाखवली असती तर आपण घरबसल्या न्यायाधीश झालो असतो आणि चौदा सिनेटरांना कोणीच काही विचारले नसते. केरी वॉशिंग्टन यांनी हिल यांची भूमिका ज्या संयत आवाजात केली आहे, तिचे परिचयलेखकाने केलेले कौतुक मात्र सर्वस्वी योग्य आहे.

जाता जाता एक विनंती. ज्या दुकानांत, शिकवण्यांत, दवाखान्यांत दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असते, तेथील स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या भागांत अशा जागी काम करणाऱ्या कितीतरी मुलींना ही समिती असते हेच ठाऊक नाही, मग ती कोठे बसते हे कोठून कळणार? आपण जिल्हाधिकारी कार्यालयाकडून या समितीचा पत्ता, दूरध्वनी आणि तक्रार देण्याची रीत मागवून घ्यावी आणि त्याच रविवारच्या पुरवणीत, चित्रपटांच्या सदराशेजारी, दरमहा एक चौकट छापावी. मजकूर तयार करून देण्यास मी केव्हाही तयार आहे.

आपली,
एक वकील वाचक
लष्कर, ग्वाल्हेर
(नाव व पत्ता संपादकांपाशी)