जिन्यावरची जळजळ पित्ताची नसते

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलास की, ऑफिसची लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढताना छातीच्या मधोमध जळजळले, मध्येच थांबल्यावर बरे वाटले, आणि असे हल्ली अधूनमधून होते. त्यावर ‘पित्त असेल’ असा निकालही तूच देऊन टाकलास. मला तो मान्य नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहून कळवते आहे.

पित्ताची जळजळ बहुधा जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर होते. जिना चढताना सुरू होऊन विसावताच थांबणे ही तिची रीत नव्हे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी आत साचलेल्या चरबीच्या थरामुळे अरुंद झाली असेल, तर बसल्या जागी तेवढा पुरवठा भागतो. पण चढावर किंवा भरभर चालताना हृदयाला जास्त रक्त लागते आणि ते पोहोचत नाही. मग छाती आवळते, भरून येते किंवा नुसती जळजळते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. यालाच अंजायना म्हणतात. उद्या त्याच थराला तडा जाऊन त्यावर रक्ताची गुठळी धरली आणि धमनी बंद झाली, तर तो हृदयविकाराचा झटका. अनेकांना अशी आगाऊ सूचना मिळतही नाही. तुला मिळाली असण्याची शक्यता आहे.

अपघात विभागात नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट माझ्या डोळ्यांत बसली आहे. छातीत कुठे दुखते असे विचारले की काही जण एका बोटाने नेमकी जागा दाखवतात. हृदयाचे दुखणे असलेला माणूस बहुतेकदा छातीवर तळहात किंवा मूठ ठेवतो, कारण त्याला जागा सांगताच येत नाही. झटक्याच्या रुग्णाला कधी कधी इतका घाम सुटलेला असे की ईसीजीचे रबरी फुगे छातीवर टिकत नसत. टॉवेलने पुसून पुन्हा लावावे लागत. दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, पाठीत, जबड्यात किंवा बेंबीच्या वर जाऊ शकते. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि म्हाताऱ्या माणसांत कधी छाती दुखतच नाही. धाप लागते, मळमळते, अंगातले त्राण जाते. अशा बायकांना घरचे लोक आधी कोकम सरबत पाजत आणि संध्याकाळी रिक्षात घालून आणत. तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

आता तुझ्यापुरते. तुझ्या बाबांना 51व्या वर्षी झटका आला होता. वडिलांना किंवा भावाला 55च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो जोखमीत धरतात. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांत सुमारे 53, तर इतरत्र सुमारे 59 आढळले. त्यामुळे ‘माझे काय वय आहे’ हे मला सांगू नकोस. शिवाय सिगारेट तू सोडली आहेस असे मीनलला वाटते, मला वाटत नाही.

उद्याच हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घे. ‘अॅसिडिटी’ हा शब्द न वापरता जिना, जळजळ आणि थांबल्यावर बरे वाटणे हे याच क्रमाने सांग. बाबांची फाईल सोबत ने. एक ईसीजी चांगला आला म्हणून उठून येऊ नकोस. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा दुखण्यात अगदी साधारण येऊ शकतो. टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफी यांपैकी काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. रक्तातील साखर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि आयुष्यात एकदा तपासायचे लायपोप्रोटीन-ए (रक्तातला चरबीचाच एक आनुवंशिक प्रकार) यांबद्दल तू स्वतःहून विचार. तोवर जिना आणि बॅडमिंटन बंद.

मात्र हे दुखणे बसल्या जागी आले, रात्री झोपेतून उठवू लागले, किंवा थांबूनही काही मिनिटांत गेले नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. 108ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवायची नाही, कारण वाटेत हृदयाचा ताल बिघडला तर स्टीअरिंग तुझ्याच हातात असेल. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायची. शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिभेखाली ठेवू नकोस. रक्तदाब एकदम उतरू शकतो. आणि जोरजोराने खोकून झटका थांबवण्याचा जो उपाय तुझ्या काकांनी ग्रुपवर टाकला होता, तो विसरून जा.

अँजिओप्लास्टीची, म्हणजे बंद धमनी फुग्याने उघडण्याची, सोय चोवीस तास असलेले तुमच्या घराजवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेव. रुग्णालयात पोहोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी आणि 90 मिनिटांच्या आत धमनी मोकळी, असे उद्दिष्ट डॉक्टर ठेवतात. ती सोय नसलेल्या ठिकाणी गेलास तर पुढच्या रुग्णालयात हलवण्यातच वेळ जातो. नाव मीनलच्या फोनमध्येही असू दे.

वेळ मिळाली की कळव. मी आदल्या दिवशीच्या एसटीने येते. डॉक्टरांसमोर तू निम्मे सांगशील, उरलेले मी सांगेन.

तुझी,
आई