रिकामा डबा

प्रिय काकी,

आपल्या दोन घरांमध्ये एक गडगा आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. तरी हे तुमच्या तोंडावर बोलायला जमलं नाही. म्हणून लिहिते, आणि चार लोकांनी वाचलं तरी चालेल असं उघडंच लिहिते.

जुलैत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि अकरा दिवस तुमच्याकडून उकड्या तांदळाची पेज आली. स्टीलचा डबा, वर वाटीत मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड. (डॉक्टरांना ते आपण कोणीच सांगितलं नाही.) शेजारचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आमच्या आईची शिस्त. माझं साखरेवर कुठलं भागायला! बाराव्या दिवशी टाके ओढत होते तरी शिरा ढवळत उभी राहिले. तो खाली लागला. तोच करपट शिरा घेऊन तुमच्या सोप्यावर आले. तुम्ही झाकण उघडलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "डबो रितोच दी गो, बाये."

खरं सांगते, तेव्हा राग आला होता. हिशेब फेडायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं.

मग ती वही निघाली. आईची, 1986 पासूनची. लग्नामुंजीत कोणी किती आहेर केला, गणेश चवथीला कोणाकडून किती नेवऱ्या (करंज्या) आल्या, सगळं त्यात. आई गेली तेव्हा मी पुण्याला होते, पोचले नाही. तेव्हापासून ती वही मी पोथीसारखी पाळली. ऑफिसची रजा काढून नेवऱ्या तळायच्या आणि पिशव्या घेऊन गोव्याच्या सरकारी कदंब बसमधून बांदोडा, म्हार्दोळ, कवळे; एक घर तर पार डिचोलीला. तिथल्या माणसांना मी नीट ओळखतही नाही.

तुम्ही चष्मा लावून शेवटची पानं उलटलीत आणि नावांवरच्या रेघांवर बोट ठेवलंत. मला वाटायचं, ती माणसं वारली असतील. तुम्ही म्हणालात, नाही, आईनंच ती घरं सोडून दिली होती. गुडघे दुखायला लागल्यावर. तुमच्याच सोप्यावर बसून, तुमच्याच पेनानं. रेघ मारलेल्या सहा घरी मी आठ वर्षं नेवऱ्या पोचवत होते, काकी!

यंदा चवथ आली. नेवऱ्या केल्या त्या देवापुरत्या आणि चार घरांपुरत्या. तुमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरचं रानफळांचं छत, बांधत होते तेव्हा नुसती बसून राहिले. कांगलां कुठली, घागऱ्यो कुठल्या, यावरून तुमचा पुतण्या वाद घालत होता. मी काहीच आणलं नव्हतं. पहिला अर्धा तास हात शिवशिवत होते, मग तुम्ही चहा दिलात.

आभार मानते, काकी. याची परतफेड म्हणून काही पाठवत नाही. तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे, तो रविवारी रिकामा आणून देते. झाकण मात्र सापडत नाही.

तुमची,
गडग्यापलीकडची