आधी माप, मग माल: रामबागेतल्या सायकलवाल्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या जुन्या माउंटन बाइकचे ब्रेक तुम्ही ज्या पद्धतीने बदलून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडच लिहितो आहोत. इंदुरात कितीतरी घरांच्या जिन्याखाली १९९०च्या दशकातल्या २६ इंची सायकली धूळ खात उभ्या आहेत. चौकट ठणठणीत असते, पण ब्रेक लागत नाही म्हणून त्या भंगारात जातात. त्यांच्या मालकांनी हे वाचावं असं फार वाटतं.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. जो येतो तो डिस्क ब्रेकच मागतो. तुम्ही मात्र सायकल उलटी करून मागच्या चाकाची डावी बाजू दाखवता. डिस्क कॅलिपरसाठी तिथे ५१ मिमी अंतरावर दोन भोकं किंवा ७४ मिमी अंतरावर दोन आटेदार खुंट्या लागतात. जुन्या चौकटीवर आणि चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागावर) यातलं काहीच नसतं. बाजारात पट्टीने आवळून बसवायचे अडॅप्टर मिळतात, पण पुढच्या चिमट्याला ते लावायला तुम्ही साफ नाही म्हणता, आणि ते बरोबरच आहे. डिस्क रिमपेक्षा खूप लहान, त्यामुळे तेवढ्याच ब्रेकिंगसाठी कॅलिपरवर कितीतरी जास्त जोर येतो. तो सगळा चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या, निमुळत्या भागावर पडतो, आणि तो पाय त्यासाठी घडवलेलाच नसतो. शिवाय ४४ मिमी वर्तुळावर सहा बोल्टांची जागा असलेला हब (चाकाचा मधला भाग) हवा, म्हणजे दोन्ही चाकं नव्याने विणणं आलं. एवढ्या मालात दुकानदाराची चांगली कमाई झाली असती. तुम्ही ती सोडलीत, हे आम्ही विसरणार नाही.

मग व्ही-ब्रेक, म्हणजे दोन लांब भुजांनी दोन्ही बाजूंनी रिम दाबणारा ब्रेक, बसेल का यासाठी तुम्ही रिमच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या बघता. ज्या चौकटीवर मधल्या एका बोल्टवर लटकणारा कॅलिपर ब्रेक आहे, तिला खुंट्याच नसतात. तिथे चांगल्या दर्जाचा दुहेरी बिजागरीचा कॅलिपर, नवी वायर आणि चांगले शू (रिमला घासणारे रबरी ठोकळे) एवढंच करता येतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही परदेशी सायकलींवर मागे यू-ब्रेक असतो. त्याच्या खुंट्या रिमच्या वर बसतात, त्यावर व्ही-ब्रेक बसतच नाही. कँटिलिव्हर, म्हणजे व्ही-ब्रेकच्या आधीचा आखूड भुजांचा ब्रेक, त्याच्या खुंट्या मात्र चालतात. शिमानोने १९९६च्या सुमारास व्ही-ब्रेक आणला तो याच जातीच्या खुंट्यांवर बसेल असा, आणि म्हणूनच त्याआधीच्या सायकलींनाही हा बदल झेपतो. दोन खुंट्यांमधलं आदर्श अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ८० मिमी. जुन्या चौकटींवर ते बरंच कमी भरतं, म्हणून व्हर्नियर लावल्याशिवाय तुम्ही भुजांची जोडी बॉक्समधून काढतसुद्धा नाही.

आता लिव्हर, म्हणजे हँडलवरचा ब्रेकचा दांडा. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो इथेच. नुसत्या भुजा बदलून जुना लिव्हर तसाच ठेवला की हातात ब्रेक सुरुवातीला जबरदस्त वाटतो, पण लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. व्ही-ब्रेकच्या भुजा लांब असल्याने त्यांना कँटिलिव्हरच्या जवळजवळ दुप्पट वायर ओढून लागते, आणि जुना लिव्हर तेवढी ओढतच नाही. मग शू रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागतात. चाक जरा आउट झालं की ते घासतात, आणि पावसात रबर झिजलं की उतारावर लिव्हर तळाला लागतो. उलट जोडीही तितकीच वाईट: व्ही-ब्रेकचा लिव्हर कँटिलिव्हरला लावला तर हाताला कडक, आणि चाक थांबवायला दुबळा. म्हणून भुजा आणि लिव्हर एकत्रच बदलायचे, हे तुम्ही प्रत्येकाला ठामपणे सांगता. ज्या सायकलींवर गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच अंगाचे असतात, तिथे शिफ्टर वेगळा घेऊन मागच्या गिअरच्या संख्येशी जुळवावा लागतो. हा खर्च तुम्ही काम हातात घेण्याआधी बोलता, नंतर नाही.

सगळ्यांना व्ही-ब्रेक लावलाच पाहिजे असा तुमचा हट्ट नाही, हे आम्हाला फार आवडतं. खुंट्या जवळ असतील आणि जोडशिफ्टर चांगला चालत असेल, तर तुम्ही कँटिलिव्हरच नीट करून देता. दोन भुजांना जोडणारी आडवी वायर थोडी खाली घेतली की पकड वाढते. फार खाली घेतली तर शूची हालचाल कमी होते आणि वायर टायरच्या नक्षीच्या जवळ येते. मुख्य वायर कधी तुटलीच तर ही आडवी वायर टायरवर पडून पुढचं चाक जागच्या जागी अडवू शकते. म्हणून पुढच्या रिफ्लेक्टरची पट्टी तुम्ही काढू देत नाही. मडगार्ड किंवा ती पट्टी असेल तर वायर तिच्यावरच अडते. ही गोष्ट सांगणारे कारागीर फार थोडे.

व्ही-ब्रेक बसवण्याची तुमची रीत आम्ही इथे नोंदवून ठेवतो. खुंटीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढायचा, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि भुजा बोटाने सहज फिरते का ते बघायचं. स्प्रिंगची पिन दोन्ही बाजूंना मधल्या भोकात. खुंटीचा एम६ बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरच आवळायचा. जोर लावला तर खुंटीचं तोंड फुगतं, भुजा अडकते, आणि मग लोक स्प्रिंगला दोष देतात.

शूच्या आतबाहेर गोल वॉशरांच्या दोन जोड्या येतात, एक जाड आणि एक पातळ. त्या कुठे घालायच्या हे तुम्ही अंदाजाने ठरवत नाही. दोन्ही शू रिमला टेकवून, वायर एका भुजेत आणणाऱ्या वाकड्या नळीचं टोक आणि समोरच्या भुजेवरचा वायरचा बोल्ट यांतलं अंतर मोजता. ते निदान ३९ मिमी असलं पाहिजे. कमी असेल तर जाड वॉशर आत, पातळ बाहेर. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. रबर झिजत जातं तशा भुजा एकमेकींकडे येतात, आणि एक दिवस नळी समोरच्या भुजेला भिडते. तेव्हा लिव्हर घट्ट लागतो, पण शू रिमपर्यंत पोचतच नाही. बिघाड हळूहळू वाढत येतो आणि दगा उतारावरच देतो.

शू रिमच्या कडेपासून साधारण १ मिमी खाली बसवायचा. वर गेला तर टायरची भिंत कापतो, खाली गेला तर रबराला ओठ फुटतो. पुढचं टोक आधी टेकेल अशा बेताने मागच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून आवळायचा. आवळताना शू स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याला पक्कडीत धरायचं. शूची नट आणि वायरचा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर. दोन्ही बाजूंची मोकळीक मिळून २ मिमी. उरलेला फरक भुजेच्या बाजूच्या बारक्या स्क्रूने, पाव-पाव फेऱ्याने काढायचा.

वायरीच्या बाबतीत तुम्ही काटकसर करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. ब्रेकची आउटर (वायरीवरचं बाहेरचं कवच) ५ मिमीची, आत तारेचं वेटोळं. गिअरची आउटर ४ मिमीची, तिच्यातल्या तारा उभ्या असतात. दोरी म्हणून दिसायला सारखीच, पण ब्रेकच्या जोराने गिअरची आउटर फुटून तारा बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक एका क्षणात जातो. कापल्यावर तुम्ही टोक कानशीने सपाट करता, आतलं दबलेलं अस्तर टोच्याने उघडता, प्रत्येक टोकाला टोपी घालता. मग लिव्हर दहा वेळा पूर्ण जोराने दाबता, म्हणजे आउटर आपल्या जागी बसते आणि ढिलाई दुकानातच निघते.

पुढची कँटिलिव्हर काढताना हेडसेटमधली (हँडल जिथे चौकटीत फिरतं त्या बेअरिंगच्या जोडामधली) वायर अडकवायची पट्टीही निघते. तिच्या जाडीएवढी वॉशर परत घातली नाही तर हेडसेट नीट आवळला जात नाही आणि ब्रेक मारताना हँडलमध्ये खडखड येते. दोष ब्रेकचा वाटतो, असतो वॉशरचा.

रिमबद्दल थोडक्यात. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की कितीही चांगला ब्रेक लावा, थांबायचं अंतर खूप वाढतं. जिथे शक्य तिथे तुम्ही आधी ॲल्युमिनियमची रिम सुचवता आणि भुजा नंतर, आणि या क्रमाशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. ॲल्युमिनियमच्या रिमची कड आत खोलगट झाली असेल तर ती निवृत्त करायची. माळव्याची काळी माती पावसाळ्यात शूमध्ये रुतते आणि तिच्यातली बारीक कच रिम खरवडते. दर आठवड्याला शू बघून चमकणारे कण टोच्याने काढा, रिम स्वच्छ फडक्याने पुसा, तेलाचा थेंबही तिथे नको, हे तुमचं सांगणं जानापावकडे किंवा खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे घाटात उतरणाऱ्या प्रत्येकाने पाळावं.

आणखी एक. काम संपल्यावर तुम्ही विचारता, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हवा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला असतो, बाहेरून आलेल्या कित्येक सायकलींवर डाव्या. सवयीच्या उलट लावला तर घाईच्या क्षणी चुकीचं चाक अडतं. हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात आणि तुम्ही तो कधीच टाळत नाही.

काका, तुम्ही दिलेली मापं आम्ही वहीत उतरवून घेतली आहेत आणि नव्या मुलांना शिकवतो आहोत. पावसाळ्याआधी आमच्यातल्या दोन-तीन कँटिलिव्हरच्या सायकली तुमच्याकडे येतील. आधी खुंट्या मोजा, लिव्हर बघा, आणि तुम्ही सांगाल तेवढंच बदलू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपले,
रविवारी सकाळी महूच्या रस्त्याने सायकल चालवणारे
इंदूर