गोचीड काढलीस ते ठीक, पण...

चिऊ,

काल फोनवर वैतागलीस, "बाबा, काढली ना इराच्या पायाची गोचीड, विषय संपला" म्हणून ठेवूनच दिलास, म्हणून लिहितोय. गोचिडीबद्दल नाही लिहिणार.

फोटो बघितले. नेदरलंड्सच्या त्या होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानातला माळ अख्खा जांभळा झालाय! आपण गेलो तेव्हा हीदरची झुडपं फुलायची होती, नुसत्या करड्या काड्या, आई म्हणाली ह्यासाठी एवढं तिकीट? मग पाइनच्या कडेला हरणं दिसली आणि तीच उठेना. मी त्या पांढऱ्या सायकलला हाताचा ब्रेक शोधत राहिलो, उलटं पेडल मारायचं कुणी सांगितलंच नाही, थेट वाळूत. मेंढ्या चारल्या नाहीत तर झाडं हा माळ गिळून टाकतील, हे तूच सांगितलंस तेव्हा, हसणं थांबल्यावर.

पण ती झुडपं छोट्या इराच्या मांडीपर्यंत येतात गं. गोचीड काही उडी मारत नाही, गवताच्या टोकाला पाय पसरून वाट बघते, पिल्लू तर खसखशीएवढं. पँट मोज्यात खोचायची, एवढंच म्हणतोय. इतकी शिकलेली तुम्ही दोघं आणि... असो, सॉरी. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढलीस, हात हलला नाही म्हणे. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू! सकाळी आत्याला हेच सांगत होतो. ती म्हणाली रॉकेल लावायचं. अजिबात नाही हां, तेल नाही, काडी नाही.

रात्री वाचत बसलो. चावल्याचा छोटा लाल डाग दोनेक दिवसांत जातो, तो वेगळा. लाइमचं, म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या त्या आजाराचं, लाल वर्तुळ साधारण 3 ते 30 दिवसांत येतं, पसरत जातं, बऱ्याचदा खाजतही नाही, मग पोर सांगणार कशी? आणि सगळ्यांना उमटतंच असंही नाही. वर्तुळ किंवा ताप आला तर लगेच हाउसआर्ट्सकडे, तुमच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, वेळेत अँटिबायोटिक मिळालं की बरं होतं. तारीख कॅलेंडरवर लिहिलीस ना?

बघ, पुन्हा तेच. आई म्हणतेय पुरे. सप्टेंबरात हरणांचं ओरडणं ऐकायला जाणार आहात ना, जरूर जा, पण वाटेवरूनच. आल्यावर काखेत, गुडघ्यामागे, कानामागे बघ.

आज इराच्या पायाचा फोटो पाठव. खिडकीपाशी काढ, ट्यूबखाली लाल नीट कळत नाही.

बाबा