खोली ट्रेलरवरून येते

सिंगापूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "खोल्या कारखान्यात बनवून आणायचं हे खूळ तिथल्या बिल्डरांनी मनावर घेतलं तरी कसं?" तेवढ्यात फोन कटला, म्हणून हे पत्र.

हौसेने कुणी घेतलं नाही. 2014 पासून सरकारने काही सरकारी जमिनी विकताना अटच घातली, की इमारत तयार खोल्या रचूनच बांधायची. पीपीव्हीसी म्हणतात त्याला. जमीन हवी ना, मग मुकाट्याने शिका. दुसरं कारण मजूर. साइटवरची बहुतेक पोरं बांगलादेश नाहीतर तमिळनाडूची, आणि परदेशी कामगार ठेवला की मालकाला त्याच्यामागे सरकारला दरमहा लेव्ही, म्हणजे एक कर, भरावी लागते. आपल्याकडे सकाळी नाक्यावर गेलं की बिगारी मिळतो, तोवर कोण कशाला कारखाना काढेल!

इथे क्लेमेंट कॅनोपी नावाचे चाळीस मजली दोन टॉवर आहेत. 505 घरं, 1866 खोके, म्हणजे त्या तयार खोल्या. सांगाडे मलेशियात सेनाईला ओतले, फरशी-रंग इथे तुआसला केला, 2019 मध्ये काम पुरं. आमच्या साइटवर काल असाच एक खोका चढवला. वीस टनांच्या वरचं धूड क्रेनला लोंबकळतंय आणि आत बाथरूमच्या नळाला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. खाली टेकताना सगळे गप्प. तळाची लेव्हल जरा चुकली तर ती चूक वर वर वाढत जाते. तुमचा ओळंबा आठवला.

खरी अडचण पैशाची. स्लॅब पडला की हप्ता, हा आपला हिशोब. इथे पाया चालू असतानाच खोल्या ओतायला घेतात, म्हणजे खर्च आधीच होऊन बसतो. कारखान्यात पडलेल्या मालाचं बिल निघेल असा करार नसेल, तर कॉन्ट्रॅक्टर मेलाच. आणि नकाशा एकदा ठरला की ठरला. त्या डॉक्टरांच्या बंगल्याचा जिना तुम्ही तीनदा तोडलात, पैसे एकदाचेच मिळाले. तसली थेरं इथे चालत नाहीत. मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आई, भिंती पोकळ नाहीत गं, काँक्रीटच्या आहेत. खिळा मात्र ठोकून जात नाही, ड्रिल लागतं. म्हणून तू पाठवलेलं कालनिर्णय अजून फ्रिजलाच चिकटवलंय.

तुमचा,
बाळू