कांद्याच्या निर्यातीचे नियम पेरणीआधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा सोलापूरच्या मार्केट यार्डात लाल कांद्याची आवक भरात होती. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने राखता येतो; लाल कांद्याला ती सोय नाही, तो काढला की विकावाच लागतो. त्यामुळे अधिसूचना निघाल्यावर थोडे थांबून पाहू, असे म्हणण्याची मुभा आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नव्हती आणि मराठवाड्यातून किंवा कर्नाटकातून गाडी भरून आलेल्यालाही नव्हती. १९९१ पासून आपण मुक्त अर्थव्यवस्थेचे नाव घेतो. पेरणीच्या वेळी जो नियम होता तोच काढणीच्या वेळीही राहील, एवढी खात्री ज्या बाजारात मिळत नाही, त्याला मुक्त म्हणणे मला पटत नाही. ही खात्री देणे हे सरकारचे काम आहे आणि सुशासनाची सुरुवात माझ्या मते तिथूनच होते.

गेल्या काही वर्षांचा क्रम पाहावा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली आणि मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी ती पुन्हा लागू झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून मागे घेतली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (ज्याखालच्या दराने निर्यात करता येत नाही) आणि डिसेंबरमध्ये संपूर्ण बंदी अशा पायऱ्या एकाच हंगामात आल्या. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे, असे सांगितले होते. ती मुदत संपायच्या आठवडाभर आधी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली आणि ४ मे रोजी, म्हणजे सोलापुरातील लोकसभेच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना, उठवली गेली. निर्यातशुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. यातला एखादा निर्णय त्या वेळच्या टंचाईत समर्थनीय असेलही. पण कोणता भाव गाठला म्हणजे कोणते पाऊल उचलले जाईल, हे यातल्या एकाही वेळी शेतकऱ्याला किंवा निर्यातदाराला आधी ठाऊक नव्हते.

असा नियम लिहिता येत नाही असे नाही, कारण तो एकदा लिहिला गेला होता. २०२० च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्तीत फळे-भाजीपाल्याचा किरकोळ भाव १०० टक्क्यांनी वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही, अशी अट होती. लोकसभेने ते विधेयक १५ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर केले. कांद्याची निर्यातबंदी आदल्याच दिवशी जाहीर झाली होती. पुढे ती दुरुस्ती इतर दोन कृषी कायद्यांबरोबर रद्द झाली. त्या कायद्यांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. मात्र एका हाताने बाजार खुला करायचा आणि दुसऱ्या हाताने बंदर बंद करायचे, हे पाहिल्यावर सुधारणेच्या शब्दावर शेतकऱ्याने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

भाव कोसळतात तेव्हा मात्र बाजार पूर्ण मोकळा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने पाच क्विंटलहून थोडा जास्त कांदा सोलापुरात विकला आणि गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपये आले, तेही पुढच्या तारखेच्या धनादेशाने. ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, देशभर गाजली. राज्य सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. अनुदान स्वागतार्हच होते. पण पडत्या भावाचा सगळा तोटा ज्याने सोसायचा, त्याला चढत्या भावाचा नफाही मिळू दिला पाहिजे, नाहीतर पुढच्या लागवडीसाठी त्याने भांडवल कुठून आणायचे?

हा अनुभव आपल्यापुरता नाही. अर्जेंटिनाने मार्च २००६ मध्ये घरचे भाव आवरण्यासाठी गोमांसाची निर्यात १८० दिवस थांबवली आणि पुढेही वर्षानुवर्षे ती बंधनांत ठेवली. पशुपालकांनी गायी विकून टाकल्या, त्यात दुष्काळाची भर पडली, देशातील जनावरांची संख्या घटली आणि शेजारचा छोटा उरुग्वे निर्यातीत अर्जेंटिनाच्या पुढे निघून गेला. व्हिएतनाममध्ये एकपक्षीय राजवट आहे आणि तिचे अनुकरण करावे असे मी कधीच म्हणणार नाही. तरी १९९३ च्या जमीन कायद्याने तिथल्या शेतकऱ्याला हंगामी पिकांसाठी २० वर्षांचा आणि फळबागा, कॉफी यांसारख्या दीर्घकालीन पिकांसाठी ५० वर्षांचा वापरहक्क लेखी दिला. एकेकाळी तांदूळ आयात करणारा तो देश आज कॉफीच्या निर्यातीत ब्राझीलच्या खालोखाल आहे. आपला मोठा ग्राहक असलेला बांगलादेश आपल्या प्रत्येक बंदीच्या वेळी पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळला. तुटलेली गिऱ्हाइकी बंदी उठली म्हणून आपोआप परत येत नाही.

सोलापुरात या प्रश्नाची दुसरी बाजूही रोज दिसते. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारे कामगार हेही कांदा विकत घेतात आणि किलोला साठ-सत्तर रुपये त्यांना झेपत नाहीत, हे मी या शहरात राहत असल्यामुळे जाणतो. त्यांना स्वस्त कांदा मिळावाच. त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, सरकारने राखीव साठा वेळेवर खरेदी करून वेळेवर बाजारात आणावा. २०२३ मध्ये हा साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेलाही होता. एका गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या खिशातून करणे न्यायाचे नाही.

म्हणून आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी एक मागणी संसदेत लावून धरावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. कांद्याच्या किरकोळ भावाच्या ठरावीक पातळ्या आणि त्या प्रत्येक पातळीला लागणारे शुल्क दर वर्षी खरीप पेरणीपूर्वी जाहीर व्हावे. हंगाम सुरू झाल्यावर त्यात बदल करायचा झाल्यास आधीच झालेले निर्यातकरार आणि बंदरावर पोहोचलेला माल त्यातून वगळावा, आणि तरीही संपूर्ण बंदी घालावी लागलीच तर तिची भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, हेही त्याच आदेशात लिहिलेले असावे. बाजार समितीकडून अपेक्षा याहून साधी आहे. विक्रीच्या दिवशीच पैसे द्यावेत, पुढच्या तारखेचा धनादेश देणाऱ्याचा परवाना थांबवावा आणि अशी कारवाई कोणावर झाली, त्याची यादी लिलावाच्या जागी फलकावर लावावी.

आपला,
कांदा उत्पादक कुटुंबातील एक वाचक,
सोलापूर